पाळीव प्राण्यांच्या व्यवसायासाठी ईमेल : सुरुवात प्राण्याच्या नोंदीपासून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या केंद्रात कुत्र्या-मांजरांचे ग्रूमिंग होते, मालक बाहेरगावी असताना प्राणी सांभाळले जातात आणि खाद्य व इतर वस्तूंची विक्रीही होते. चार वर्षांत सुमारे १,८०० ग्राहकांचे ईमेल पत्ते जमले असून दर महिन्याला त्या सर्वांना सवलतींची एकच मेल जाते. सुरुवातीला प्रतिसाद बरा होता. आता यादीतून बाहेर पडणारे वाढले आहेत आणि मेल स्पॅममध्ये सापडते, असे काही ग्राहकच सांगतात. अशा वेळी मेल बंद करावी की अधिक वेळा पाठवावी, असे आपण विचारले आहे.

पशुवैद्यकीय दवाखाने, ग्रूमिंग केंद्रे आणि प्राण्यांच्या खाद्याची दुकाने यांच्यासाठी मी अनेक वर्षे हेच काम करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की मेल पाठवणे पूर्ण बंद करण्याची किंवा नुसते वाढवण्याची गरज नाही. किती वेळा पाठवावी हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या यादीत १,८०० माणसे आहेत, पण ज्याच्यासाठी ती माणसे आपल्याकडे येतात तो प्राणी यादीत कुठेच नाही. तो यादीत आला की कोणाला, केव्हा आणि काय लिहायचे, याची बहुतेक उत्तरे त्याच्या नोंदीतूनच मिळू लागतात.

कपड्यांच्या दुकानाला ग्राहकाच्या मनात इच्छा जागी करावी लागते, म्हणून त्यांच्या मेलमध्ये सवलत आणि घाई असते. आपल्या व्यवसायात गरज प्राण्याच्या शरीरातून येते. नखे वाढतात, केसांच्या गाठी होतात, पिसवांच्या औषधाचा परिणाम ठरावीक दिवसांनी संपतो, खाद्याची पिशवी रिकामी होते. या गोष्टी सवलत असो वा नसो, घडणारच असतात आणि कामाच्या धबडग्यात मालक त्यांच्या तारखा विसरतो. ती तारीख त्याच्या वतीने लक्षात ठेवणे आणि चार दिवस आधी आठवण देणे, हेच आपल्या मेलचे मुख्य काम आहे. अशी मेल त्रासदायक वाटत नाही, कारण ती मालकाच्या डोक्यावरचा एक भार कमी करते.

त्यासाठी नोंद नेमकी हवी. प्राण्याचे नाव, जात, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, वजन, केसांचा प्रकार, शेवटच्या प्रत्येक सेवेची तारीख, सध्याचे खाद्य, एखाद्या घटकाची ॲलर्जी आणि स्वभावातील महत्त्वाची गोष्ट (ड्रायरच्या आवाजाला घाबरणे, अनोळखी कुत्र्यांवर गुरगुरणे) एवढे असले तरी पुष्कळ आहे. मात्र हे सर्व पहिल्याच अर्जावर विचारू नये. पहिल्या वेळी ईमेल पत्ता, प्राण्याचे नाव, कुत्रा की मांजर आणि वय एवढेच विचारावे. बाकीचे तपशील प्राणी केंद्रात आल्यावर, त्याला ताब्यात घेताना चाललेल्या बोलण्यात सहज मिळतात. नाव मालक जसे लिहितो तसेच लिहावे. प्राण्याचे नाव चुकलेली मेल वाचताना मालकाला जी परकेपणाची जाणीव होते, ती पुढच्या चांगल्या मजकुराने भरून निघत नाही.

येथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. बहुतेक मेल सेवांमध्ये एका पत्त्याला एकच ओळ असते आणि घरात मात्र दोन कुत्री व एक मांजर असू शकते. दुसऱ्या प्राण्याची माहिती भरताच पहिल्याची पुसली जाते आणि हे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्राण्यांची नोंद स्वतंत्र तक्त्यात ठेवावी, प्रत्येक प्राण्याला क्रमांक द्यावा आणि तो मालकाच्या पत्त्याशी जोडावा. मेल सेवेला हे पेलत नसेल तर पहिला, दुसरा आणि तिसरा प्राणी यांच्यासाठी निरनिराळे रकाने तरी करावेत. त्याच वेळी एका घराच्या दोन आठवणी एकाच आठवड्यात येत असतील तर त्या एका मेलमध्ये एकत्र करण्याची सोय ठेवावी.

ही विभागणी केवळ विक्रीसाठी आहे असे समजू नये. कुत्र्यांच्या मानेवर टाकण्याच्या पिसवा-गोचिडांवरील काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्यांना ते चालते, पण मांजरांसाठी ते विषारी आहे; त्यांना झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. अशा औषधाच्या सवलतीची मेल सरसकट सर्वांना गेली आणि मांजर पाळणाऱ्या एखाद्याने ते विश्वासाने घेतले, तर होणारे नुकसान पैशांत मोजता येणार नाही. म्हणून औषधाची मेल कोणाला जाते हे दरवेळी दुसऱ्या माणसाने तपासावे, आणि ज्या घरात कुत्रा व मांजर दोन्ही आहेत तेथे ही सूचना मेलच्या पहिल्या दोन ओळींतच लिहावी. तीच गोष्ट लिलीच्या फुलांची. फुलांनी सजवलेले, दिसायला सुंदर छायाचित्र मेलमध्ये टाकले जाते आणि त्यात लिली असते; तिच्यामुळे मांजरांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे जाणणारा वाचक त्यानंतर आपल्या सल्ल्यावर विश्वास ठेवत नाही.

आता तारखांकडे येऊ. लसीकरणाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चुका दिसतात, कारण ‘दरवर्षी सर्व लसी’ असा एक ठोकळेबाज नियम मेलमध्ये बसवलेला असतो. पिल्लांच्या मुख्य लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत किंवा त्याच्या थोडे पुढेपर्यंत दिल्या जातात. त्यानंतर सहा महिने ते एक वर्ष या वयात एक बूस्टर असतो. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ कुत्र्यांना डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरस यांच्या लसी तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने देण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते. लेप्टोस्पायरोसिसची लस मात्र दरवर्षी द्यावी लागते, आणि रेबीजचे अंतर लसीवर व त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते. म्हणजे पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांत आठवणी दाट हव्यात आणि पुढे प्रत्येक लसीची तारीख वेगळी चालवावी लागते. ती तारीख आपण हिशेबाने काढू नये. पशुवैद्याने कार्डावर लिहिलेली पुढची तारीख जशीच्या तशी नोंदवावी.

आपण दवाखाना चालवत नाही, तरी प्राणी सांभाळण्याच्या सेवेमुळे लसीकरणाशी आपला थेट संबंध येतो. आगाऊ नोंदणी करणाऱ्या मालकाला प्रमाणपत्राची आठवण आदल्या दिवशी पाठवून काही उपयोग नसतो, कारण लस दिल्यानंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास वेळ लागतो. मुक्कामाच्या किमान तीन आठवडे आधी ‘कार्डाचा फोटो याच मेलच्या उत्तरात पाठवा’ एवढीच विनंती करणारी छोटी मेल पाठवावी. दारात आलेला प्राणी परत पाठवण्याचा प्रसंग अशा एका मेलमुळे टळतो, आणि इतर प्राण्यांची सुरक्षितताही राखली जाते.

ग्रूमिंगमध्ये अंतर केसांवरून ठरते. पूडल किंवा शित्झूसारख्या, केस सतत वाढत राहणाऱ्या कुत्र्यांना चार ते सहा आठवड्यांनी यावे लागते; लॅब्राडॉरसारख्या दुहेरी आवरणाच्या कुत्र्यांना ऋतू बदलताना, आतले मऊ केस झडू लागतात तेव्हा जास्त मदत लागते; आखूड केसांच्या कुत्र्यांचे मुख्य काम नखे आणि कान यांचे असते. या तिघांना एकच मेल एकाच दिवशी पाठवली तर ती तिघांपैकी दोघांसाठी चुकीच्या वेळी पोहोचते. आठवण शेवटच्या भेटीपासून मोजावी, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नव्हे. शित्झूच्या मालकाला चौथ्या आठवड्यात ‘मागच्या वेळी कानांमागे गाठी झाल्या होत्या, म्हणून या वेळी थोडे लवकर आणावे’ असे लिहिले, तर त्या एका वाक्यातून त्याला कळते की आपल्या प्राण्याकडे कोणीतरी नीट पाहिले आहे. अशी टिपणी लिहिण्यासाठी ग्रूमिंग करणाऱ्या सहकाऱ्याने प्रत्येक प्राण्यानंतर एक ओळ नोंदवण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि माझ्या मते मेलवर होणाऱ्या कोणत्याही खर्चापेक्षा ती सवय मोलाची आहे.

खाद्याचा हिशेब सोपा असूनही क्वचितच केला जातो. एखादा कुत्रा रोज ३०० ग्रॅम खात असेल तर १२ किलोची पिशवी ४० दिवस पुरते. आठवणीची मेल बत्तिसाव्या-तेहतिसाव्या दिवशी जावी. दोन कुत्री त्याच पिशवीतून खात असतील तर तीच पिशवी २० दिवसांत संपते; प्राण्यांची नोंद स्वतंत्र ठेवण्याचे कारण येथे पुन्हा दिसते. दोन-तीन खरेद्या झाल्यावर प्रत्यक्ष अंतर कळते, तेव्हा पिशवीवरील प्रमाण बाजूला ठेवून ते अंतर वापरावे, कारण उरलेले जेवण, बक्षिसाचे तुकडे आणि मालकाचा सढळ हात यांचा हिशेब कोणत्याही पिशवीवर छापलेला नसतो. पिल्लू मोठे होते तसे खाद्यही बदलते. लहान जातींची पिल्ले साधारण एका वर्षाच्या आसपास प्रौढांच्या खाद्यावर येतात, तर मोठ्या जातींना त्यासाठी दीड वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. हा बदल एका दिवसात करायचा नसतो. जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत तो पूर्ण करावा, नाहीतर पोट बिघडते. याचा अर्थ असा की खाद्य बदलण्याविषयीची मेल जुन्या पिशवीत किमान दहा दिवसांचे खाद्य शिल्लक असतानाच पोहोचली पाहिजे. मिसळण्याचे प्रमाण दिवसवार सांगणारी अशी मेल मालक जपून ठेवतात, आणि नवी पिशवी सहसा ती पाठवणाऱ्याकडूनच घेतात.

प्राणी आपल्याकडे मुक्कामाला असताना रोज संध्याकाळी एक छायाचित्र आणि तीन ओळी पाठवाव्यात : काय खाल्ले, कितपत खेळला, झोप कशी लागली. पहिल्या दिवशी तो कमी खाल्ला असेल तर तेही खरे खरे लिहावे. या मेलमध्ये काहीही विकू नये. दूर असलेल्या मालकाच्या मनाला त्या क्षणी एकाच गोष्टीची काळजी असते, आणि तिथे शॅम्पूची जाहिरात ठेवणे मला अनुचित वाटते.

आता ज्या विषयाबद्दल मला सर्वांत तळमळीने सांगायचे आहे, त्याकडे येतो. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका केंद्रासाठी प्राण्यांच्या वाढदिवसाच्या मेलची व्यवस्था उभी केली होती. छायाचित्र, नाव, शुभेच्छा आणि एक छोटी भेट असे तिचे स्वरूप होते आणि मालकांना ती फार आवडत असे. एके दिवशी एका बाईंचे उत्तर आले. त्यांचा कुत्रा सहा आठवड्यांपूर्वी गेला होता. केंद्राला त्यांनी फोन करून ते कळवलेही होते, पण ती माहिती फोन घेणाऱ्या व्यक्तीच्या वहीतच राहिली होती. त्यांच्या उत्तरात राग नव्हता. सकाळी उठल्या उठल्या त्याचा हसरा चेहरा समोर आला आणि दिवसभर काही सुचले नाही, एवढेच त्यांनी लिहिले होते. चूक व्यवस्था उभी करणाऱ्या माझी होती, कारण नोंदीत प्राण्याच्या हयातीचा रकानाच मी ठेवला नव्हता.

तेव्हापासून तो रकाना मी सर्वांत आधी तयार करतो. ‘हयात’, ‘मृत’, ‘हरवला’ आणि ‘दुसऱ्या घरी दिला’ अशा चार स्थिती त्यात असतात, आणि पहिली सोडून कोणतीही स्थिती नोंदवली की त्या प्राण्याच्या सर्व आठवणी त्याच क्षणी थांबतात. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या आरोग्याच्या आठवणी चालू राहतात, पण जाहिरातीच्या मेल काही काळ पूर्ण बंद ठेवाव्यात. बातमी फोनवर, प्रत्यक्ष किंवा मेलच्या उत्तरात, कशीही येवो, ती ज्याच्या कानावर येईल त्याने त्याच दिवशी नोंदवायची, असा नियम सर्व सहकाऱ्यांना समजावून सांगावा. दवाखान्याशी आपले सहकार्य असेल तर मालकाच्या संमतीने ही माहिती तेथूनही घेता येते. याशिवाय प्रत्येक आठवणीच्या तळाशी ‘हा प्राणी आता आमच्याकडे नाही’ असा एक शांत दुवा ठेवावा, ज्यावर क्लिक केल्यावर कारण विचारले जात नाही. सांत्वनाचे पत्र मात्र आपोआप जाऊ देऊ नये. ज्या सहकाऱ्याने त्या प्राण्याला हाताळले होते त्याने ते स्वतः लिहावे, त्यात एखादी खरी आठवण असावी, आणि नवे पिल्लू आणण्याचा उल्लेख नसावा.

वयस्क प्राण्यांच्या बाबतीतही हीच जाण ठेवावी लागते. मोठ्या जातींची कुत्री साधारण सातव्या वर्षापासून, किंवा त्याआधीच, उतारवयाकडे झुकतात. मांजरांमध्ये हा टप्पा दहाव्या वर्षाच्या आसपास येतो. या वयात वर्षातून दोनदा तपासणी करणे, वजनातील घट लक्षात घेणे, सांधेदुखीची लक्षणे ओळखणे यांविषयी लिहावे, पण भीती दाखवून लिहू नये. ‘तुमचा कुत्रा धोक्यात आहे’ अशी विषयओळ उघडली जाते हे खरे आहे. मात्र ती उघडणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो, आणि आत केवळ गोळ्यांची जाहिरात सापडली की तो आपल्याला क्षमा करत नाही. आजाराचे निदान किंवा औषधाची मात्रा मेलमध्ये लिहू नये. ते पशुवैद्याचे काम आहे.

मजकुराविषयी फार सांगण्यासारखे नाही. एका मेलमध्ये एकच काम असावे, विषयओळीत प्राण्याचे नाव आणि ते काम यावे (‘मोतीच्या नखांची वेळ झाली’), पाठवणाऱ्याच्या जागी ओळखीचे नाव असावे आणि उत्तर पाठवता येईल असा पत्ता असावा. जीमेल साधारण १०२ केबीहून मोठा मजकूर मध्येच तोडून दाखवते, आणि यादीतून बाहेर पडण्याचा दुवा तळाशी असल्यामुळे नेमका तोच दिसेनासा होतो. मग वैतागलेला वाचक स्पॅमचे बटण दाबतो.

आपल्या मेल स्पॅममध्ये जाण्याची कारणे बहुधा दोन असावीत. पहिले तांत्रिक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. आपल्या डोमेनसाठी (म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावासाठी) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर आपल्याकडूनच आली आहे हे पडताळू देणाऱ्या तिन्ही नोंदी नीट केलेल्या असाव्यात; जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तर त्या सक्तीच्या आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आले पाहिजे व ती विनंती दोन दिवसांत अंमलात आली पाहिजे. आपण त्या आकड्याच्या खूप खाली आहात, तरीही या गोष्टी कराव्यात. केंद्राच्या कामासाठी मोफत जीमेलचा पत्ता वापरत असाल तर तो सोडून स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्यावा. दुसरे कारण तक्रारींचे आहे. स्पॅम तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत कधीही पोहोचू नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खाली असावे, अशी जीमेलची अपेक्षा आहे. १,८०० मेलमध्ये ०.३ टक्के म्हणजे जेमतेम पाच-सहा माणसे. ज्याचे मांजर दोन वर्षांपूर्वी गेले त्याला मांजराच्या वाळूवर सवलत देत राहिलो, तर ती पाच-सहा माणसे लवकरच जमतात.

परिणाम मोजताना मेल किती जणांनी उघडली या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची अशी सोय आली की वाचकाने मेल पाहिली नाही तरी तिच्यातील चित्रे आधीच उतरवली जातात, आणि मेल उघडल्याची खोटी नोंद होते. त्याऐवजी आठवण गेल्यानंतर दहा दिवसांत किती भेटी ठरल्या, शित्झूंच्या दोन भेटींमधील सरासरी अंतर सात आठवड्यांवरून पाचवर आले का, नोंदणी करून न येणारे कमी झाले का, हे पाहावे. शंका असेल तर दर दहा मालकांपैकी एकाला, कोणतीही निवड न करता, तीन महिने ग्रूमिंगची आठवण पाठवू नये आणि दोन्ही गटांची तुलना करावी. लस किंवा औषधाच्या आठवणींवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण त्यात प्राण्याचे नुकसान होऊ शकते.

सध्याच्या १,८०० पत्त्यांचे काय करायचे, हे शेवटी सांगतो. सवलतींची मासिक मेल या महिन्यापासून थांबवावी. पोहोचत नसलेले पत्ते काढून टाकावेत. गेल्या वर्षभरात केंद्रात येऊन गेलेल्यांना आधी, आणि बाकीच्यांना त्यानंतर रोज थोड्या थोड्या संख्येने, एक साधी, चित्र नसलेली मेल पाठवावी. तिचा मजकूर असा असू शकतो : ‘आपल्या घरातील प्राण्याची आमच्याकडील नोंद आम्ही नीट करत आहोत. त्याचे नाव, वय आणि सध्याचे खाद्य कळवल्यास त्याच्या गरजेच्या तारखांचीच आठवण आम्ही पाठवू, इतर मेल पाठवणार नाही. तो आता आपल्यासोबत नसेल तर कृपया खालील दुव्यावर एकदा क्लिक करावे. त्याच्याविषयी आमच्याकडून पुन्हा मेल येणार नाही.’ तीन आठवड्यांनी हीच विनंती एकदाच पुन्हा करावी. त्यानंतरही उत्तर न देणाऱ्यांपैकी जे अजून केंद्रात येतात त्यांची माहिती पुढच्या भेटीत समोरासमोर विचारावी, आणि उरलेल्यांना जाहिरातीच्या यादीतून वगळावे. यादी कदाचित निम्म्यावर येईल. त्या निम्म्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे एका जिवंत प्राण्याचे नाव असेल, आणि पहिल्या आठवणी त्याच आठवड्यात, ज्यांची ग्रूमिंगची वेळ उलटून गेली आहे त्यांच्यापासून सुरू करता येतील.